टीबीच्या कल्चरला बेचाळीस दिवस का लागतात

टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला १५ ते २० तास घेतो. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूला हेच काम २० मिनिटांत जमतं. एका जंतूचे दहा लाख व्हायचे तर तो सुमारे २० वेळा दुप्पट व्हावा लागतो. ई. कोलाय सात तासांच्या आत तिथे पोचतो, टीबीच्या जंतूला दोन ते अडीच आठवडे जातात. लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी, दोन दिवसांत हातात येतं आणि टीबीचं महिना उलटला तरी येत नाही, याचं कारण इतकं साधं आहे. लॅबमध्ये कुणी चालढकल करत असतं असं नाही.

पण या बेचाळीस दिवसांचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच लागलेला असतो. बेडका कसा काढला, तो किती वेळ उन्हात राहिला, लॅबमध्ये इतर जंतू मारायला घातलेला कॉस्टिक सोडा त्यावर किती मिनिटं होता, सेंट्रीफ्यूज किती वेगाने फिरला, यावर सगळं अवलंबून असतं. इन्क्युबेटर फक्त ३७ अंश तापमान सांभाळतो. जंतू आधीच मेला असेल तर सहा आठवडे थांबूनही तो उगवणार नाही, आणि रिपोर्टवर मात्र 'वाढ नाही' असंच छापून येईल.

सीबीनॅट ही यंत्रावरची तपासणी दोन तासांत उत्तर देते, गोव्याच्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट हे तसंच यंत्र बॅटरीवर चालतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. मग कल्चर हवं कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पहिल्या निदानासाठी या तपासण्याच आधी करायच्या, त्यात वाद नाही. पण त्या जंतूचा डीएनए शोधतात, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही डीएनएच असतो. औषधं चालू असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातून मेलेले जंतू कितीतरी महिने बाहेर पडत राहतात. म्हणून उपचार लागू पडतोय का हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. जिवंत कोण आणि मेलेला कोण, हे फक्त कल्चर सांगतं. शिवाय नेहमीचं सीबीनॅट कार्ट्रिज रिफाम्पिसिन या एकाच औषधापुरतं बोलतं. बेडाक्विलिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन या औषधांना जंतू दाद देतो का, हे पाहायला आपल्याकडे आजही जंतू वाढवून त्याला त्या औषधासमोर ठेवणं हाच रोजचा मार्ग आहे. आणि किती थोडे जंतू सापडतात ते पाहाल तर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. कल्चरला १० ते १०० जिवंत जंतू पुरतात.

आता नमुन्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

डबीत लाळ नको, बेडका हवा. छातीतून खोल खोकून काढलेला, घट्ट, पिवळसर किंवा पांढरट चिकट असा. ३ ते ५ मिलिलिटर उत्तम, २ च्या खाली नको. सकाळी उठल्या उठल्याचा सगळ्यात चांगला, कारण रात्रभर साचलेला असतो. आधी चूळ भरायची ती उकळून गार केलेल्या पाण्याने: तोंडात अन्नाचे कण राहिले तर त्यांच्यावरचे जंतू कल्चर बिघडवतात, आणि नळाच्या पाण्यात टीबीचे चुलतभाऊ शोभावेत असे बहुधा निरुपद्रवी मायकोबॅक्टेरिया असू शकतात, जे नंतर भलताच गोंधळ घालतात. बेडका मोकळ्या हवेत काढावा, बंद खोलीत किंवा संडासात नाही. दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, शेवटचा श्वास रोखायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं, एवढं नीट समजावून सांगितलं तरी नमुन्याचा दर्जा बदलतो.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती तो गिळतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी, मूल अंथरुणातून उठायच्या आत, नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. ते आम्ल असतं आणि आम्लात जंतू टिकत नाही. चार तासांच्या आत प्रक्रिया होणार नसेल तर तिथल्या तिथे सोडियम बायकार्बोनेट घालून ते उदासीन करावं लागतं.

आणि गाठ किंवा ऊतीचा तुकडा पाठवताना होणारी एक चूक, जी वर्षानुवर्षं होत आली आहे आणि जिची भरपाई होत नाही: अख्खा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकणं. फॉर्मेलिन जंतू मारतं. मानेची गाठ किंवा मणक्यातला तुकडा शस्त्रक्रिया करून काढला की त्याचे तिथेच दोन भाग करायचे. एक फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी सर्जनला याची आठवण करून दिली तर त्यात काहीही गैर नाही, उलट द्यावीच. पू असेल तर कापसाचा स्वॉब नको, सिरिंजने ओढून घेतलेला पू हवा. स्वॉबवर येतं ते अगदी थोडं आणि त्यातलंही बरंचसं कापसालाच चिकटून राहतं. लघवी असेल तर २४ तास साठवलेली नको, लागोपाठ तीन दिवस पहाटेची पूर्ण लघवी हवी.

औषधांचंही पाहावं लागतं. खोकला आहे म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स दिला जातो, रुग्णाला आठवडाभर बरं वाटतं आणि मग कल्चर निगेटिव्ह येतं. हे औषध टीबीच्या जंतूवरही चालतं. त्याने आजार बरा होत नाही, फक्त जंतूंची संख्या काही काळ उतरते. टीबीची शंका असेल तर नमुना आधी, गोळी नंतर.

नमुना लॅबपर्यंत पोचवणं हा महाराष्ट्रासारख्या राज्यात मोठाच भाग आहे. कल्चर करणाऱ्या लॅब मोजक्या. राज्य पातळीवरच्या संदर्भ प्रयोगशाळा पुणे आणि नागपूरला आहेत, मुंबईत आणि काही वैद्यकीय महाविद्यालयांत आणखी आहेत. म्हणजे दुर्गम तालुक्यातल्या उपकेंद्रातला बेडका कित्येक तास, कधी दोन दिवस प्रवासात असतो. तो ५० मिलिलिटरच्या फाल्कन ट्यूबमध्ये, झाकण घट्ट लावून, पॅराफिल्म गुंडाळून, झिपच्या पिशवीत, शोषक कापसासह, जेल पॅक घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यात जायला हवा. २ ते ८ अंशांत तीन दिवस चालतो. मे महिन्यात ४२ अंशांत टीबीचा जंतू लगेच मरत नाही. त्याच्या शेजारचे तोंडातले जंतू मात्र भराभर वाढतात आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत इतके होतात की नेहमीचा सोडा त्यांना पुरत नाही.

शीतसाखळी नसेल तिथे सीपीसी, म्हणजे सेटिलपायरिडिनियम क्लोराइड, घालून बेडका आठवडाभर टिकवता येतो. पण त्याला दोन अटी आहेत. एक, तो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. थंडीत सीपीसीचे स्फटिक होतात आणि ते निरुपयोगी ठरतं. दोन, असा नमुना अंड्याच्या माध्यमावरच (माध्यम म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य) लावायचा, द्रव माध्यमात नाही. अंड्यातले घटक उरलेल्या सीपीसीला बांधून ठेवतात. द्रव माध्यमात ते मोकळं राहून टीबीचा जंतूच दाबतं.

लॅबमध्ये पहिली आणि सगळ्यात नाजूक पायरी म्हणजे नमुना निर्मळ करणं. बेडक्यात टीबीच्या एका जंतूमागे तोंडातले असंख्य जंतू असतात. त्यांना मारायचं आणि टीबीचा वाचवायचा. टीबीच्या जंतूच्या भिंतीत मेणासारखी मेदाम्लं असल्याने तो सोडा थोडा जास्त वेळ सोसतो. 'थोडा' हा शब्द महत्त्वाचा. तोही मरतो, फक्त उशिरा. सगळं तंत्र या वेळेच्या फटीत बसवलेलं आहे.

द्रव कल्चरसाठी रूढ पद्धत अशी: ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड (हाच तो सोडा) आणि २.९ टक्के सोडियम सायट्रेट समान मापात घ्यायचं, त्यात दर १०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम एन-ॲसिटिल सिस्टीन टाकायचं. हे सिस्टीन बेडक्याचा चिकटपणा तोडतं, म्हणजे सोडा आतपर्यंत पोचतो. ते द्रावणात टिकत नाही, म्हणून रोजचं रोज बनवायचं. कालचं उरलेलं वापरलं तर बेडका विरघळत नाही आणि गुठळ्यांच्या आतले जंतू सुखरूप राहतात. बेडक्याएवढंच द्रावण घालायचं. सोड्याचं शेवटचं प्रमाण १ टक्का येतं. व्हॉर्टेक्स करायचं, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळायचं, १५ मिनिटं ठेवायचं, २० च्या पुढे कधीच नाही. मग ६.८ पीएचचं फॉस्फेट बफर ५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. त्याने सोडा पातळ होतो आणि त्याची क्रिया थांबते.

इथे घड्याळाचं गणित चुकतं. एका फेरीत १६ ट्यूब आहेत आणि प्रत्येकीत द्रावण घालायला अर्धा मिनिट लागतं असं धरा. शेवटच्या ट्यूबला द्रावण मिळेपर्यंत पहिलीला साडेसात मिनिटं झालेली असतात. शेवटच्या ट्यूबपासून १५ मिनिटं मोजली तर पहिलीतले जंतू साडेबावीस मिनिटं सोड्यात राहतात. म्हणून बफरही त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने घालायचं, नाहीतर फेरी छोटी करायची. माझं मत विचाराल तर ज्या लॅबमध्ये टायमर टेबलावर दिसत नाही, तिथल्या निगेटिव्ह रिपोर्टवर माझा विश्वास अर्धाच.

मग सेंट्रीफ्यूज. टीबीचा जंतू मेदामुळे हलका असतो, सहजी तळाला बसत नाही. त्याला ३,००० जी बल १५ ते २० मिनिटं लागतं. यंत्रावर आकडा असतो तो आरपीएमचा, आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेलं बल) व आरपीएम (मिनिटाला फेरे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोटरची त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ३,००० जी मिळायला सुमारे ४,१०० आरपीएम लागतात. तिथे कुणी ३,००० आरपीएम लावले तर बल १,६०० जीच्या आसपास भरतं, म्हणजे जेमतेम निम्मं. बरेचसे जंतू वरच्या पाण्यातच राहतात आणि ते पाणी आपण फिनॉलच्या भांड्यात ओतून देतो. यंत्रात ट्यूब ठेवायच्या बादल्यांना सीलबंद झाकणं हवीत, आणि ती उघडायची ती सेफ्टी कॅबिनेटच्या आतच, यंत्र थांबल्यावर काही मिनिटं जाऊ देऊन. तळाशी उरलेल्या साक्यात १ ते २ मिलिलिटर बफर घालून तो ढवळायचा. त्यातूनच काचपट्टी, कल्चर आणि राखून ठेवायचा उरलेला भाग निघतो. तो उरलेला भाग फेकू नये. कल्चर दूषित झालं तर तोच कामाला येतो.

माध्यमं दोन. जुनं म्हणजे लोवेनस्टाइन-जेन्सन, सगळे एलजे म्हणतात. हिरव्या रंगाचा तिरका थर असलेली बाटली. एक लिटर अंड्यांचा द्रव, ६०० मिलिलिटर क्षार, ॲस्पॅरॅजिन आणि ग्लिसरॉलचं द्रावण, आणि २ टक्के मॅलॅकाइट ग्रीनचं २० मिलिलिटर. हिरवा रंग शोभेचा नाही, तो इतर जंतूंना दाबून ठेवतो. अंडी आठवड्याच्या आतली हवीत आणि अँटिबायोटिक न खाल्लेल्या कोंबड्यांची हवीत; ज्या पोल्ट्रीत खाद्यातून औषध दिलं जातं तिथली अंडी घेतली तर माध्यमात आधीच औषध असतं आणि काहीच उगवत नाही. हा दोष शोधायला लॅबला महिने लागू शकतात, कारण बाटल्या दिसायला निर्दोष असतात. म्हणून प्रत्येक नव्या घाण्यावर एच-३७-आरव्ही हा ओळखीचा जंतू लावून पाहायचा. थर ८० ते ८५ अंशांवर सुमारे ४५ मिनिटं घट्ट करतात. त्याहून तापला तर बुडबुडे येतात आणि रंग उडतो.

एलजेवर पहिली कॉलनी साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसते: कोरडी, खरखरीत, फिकट बदामी, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी. आठवड्याच्या आत काही उगवलं किंवा ते केशरी-पिवळं असलं तर तो टीबीचा जंतू नव्हे. निगेटिव्ह म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं. टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जे सांगितलं त्यात त्याचा धीरही होता: उष्णतेने घट्ट केलेल्या सीरमवर त्याला कॉलनी दुसऱ्या आठवड्यात दिसायला लागल्या, आणि तोवर त्याने नळ्या फेकल्या नव्हत्या.

नवं माध्यम म्हणजे एमजीआयटी या यंत्रात लावायची द्रव नळी. ७ मिलिलिटर मिडलब्रुक ७-एच-९ आणि बुडाशी सिलिकॉनमध्ये बसवलेलं चमकणारं रसायन. नळीत ऑक्सिजन असेपर्यंत ते चमकत नाही. जंतू वाढले, त्यांनी ऑक्सिजन संपवला की ते चमकायला लागतं. यंत्र दर तासाला प्रत्येक नळी पाहतं. लावण्याआधी नळीत ०.८ मिलिलिटर पोषक आणि पँटा हे पाच औषधांचं मिश्रण घालतात, मग ०.५ मिलिलिटर नमुना. नमुना जास्त घातला म्हणजे जास्त जंतू मिळतील हा समज चुकीचा आहे. जास्त नमुन्याबरोबर जास्त घाण आणि जास्त सोडा जातो. ज्यांच्या काचपट्टीत जंतू दिसले होते त्यांच्या नळ्या दीड-दोन आठवड्यांत वाजतात, म्हणजे यंत्र त्यांना पॉझिटिव्ह म्हणतं. ४२ दिवस ही निगेटिव्ह म्हणण्याची मुदत आहे, प्रत्येक रिपोर्टला लागणारा वेळ नव्हे.

यंत्राने पॉझिटिव्ह म्हटलं म्हणजे टीबी ठरला असं नाही. यंत्राला फक्त ऑक्सिजन संपल्याचं कळतं, कुणी संपवला ते नाही. नळी हातात घेतली की अंदाज येतो: वरचं पाणी नितळ आणि तळाशी रव्यासारखे कण असतील तर टीबीची शक्यता, सगळी नळी गढूळ असेल तर बहुधा दूषित. मग झील-नील्सन रंग देऊन पाहायचं, टीबीचे जंतू दोरखंडासारखे पिळलेले दिसतात. त्याच वेळी एक थेंब ब्लड अगारवर, म्हणजे इतर जंतू भराभर उगवतात अशा माध्यमावर. तिथे एक-दोन दिवसांत काही उगवलं तर दुसरे जंतूही आहेत. आणि एमपीटी-६४ पट्टी, जी गर्भतपासणीच्या पट्टीसारखी १५ मिनिटांत रेघ दाखवते. रेघ आली तर टीबीच्या जंतूंच्या समूहातला. रंगात जंतू दिसले पण रेघ नाही, तर बहुधा एनटीएम, म्हणजे टीबी नसलेले मायकोबॅक्टेरिया.

दूषित होण्याचं प्रमाण एलजेत ३ ते ५ टक्के आणि एमजीआयटीत ८ टक्क्यांपर्यंत चालतं. ते वाढलं तर सगळ्यांच्या लक्षात येतं. खाली गेलं तर मात्र लॅबचं कौतुक होतं, आणि तेच चुकतं. शून्य-एक टक्का दूषित म्हणजे सोडा जास्त कडक आहे आणि इतर जंतूंसोबत टीबीचेही मरत आहेत. हा आकडा एकटा पाहू नये. काचपट्टीत जंतू दिसलेले पण कल्चरमध्ये न उगवलेले नवे रुग्ण किती, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावं.

औषधांची चाचणी वाढलेल्या जंतूवर होते. एका नळीत औषध, दुसरीत औषध नाही पण जंतू शंभरपट पातळ केलेले. पातळ नळी यंत्राच्या मोजणीत वाढीच्या ४०० एककांवर पोचली त्या वेळी औषधाची नळी १०० किंवा वर असेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. तत्त्व असं की एक टक्का जंतूही औषधासमोर टिकले तर ते औषध रुग्णाला पुरणार नाही. रिफाम्पिसिनची एमजीआयटीतली मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १ वरून ०.५ मायक्रोग्रॅमवर आणली, कारण काही जनुकीय बदल असलेले जंतू जुन्या मर्यादेत 'संवेदनशील' म्हणून निसटत होते. सीबीनॅट रेझिस्टंट म्हणतं आणि जुना कल्चर रिपोर्ट संवेदनशील, अशी जोडी दिसली तर हे आठवावं. पायराझिनामाइडची चाचणी मात्र सगळ्यांत बेभरवशाची. ती ५.९ पीएचच्या आम्ल माध्यमात करावी लागते, आणि जंतू जरा जास्त पडले की तेच आम्लपणा कमी करतात, औषध निष्प्रभ होतं आणि खोटा रेझिस्टन्स दिसतो.

आता रिपोर्ट हातात आल्यावर. 'कंटॅमिनेटेड' म्हणजे निगेटिव्ह नव्हे. उत्तर मिळालंच नाही, नवा नमुना द्यायचा. 'वाढ नाही' म्हणजे त्या नमुन्यात जिवंत जंतू उगवला नाही; पाण्याने भरलेल्या छातीत, मेंदूच्या पाण्यात, मुलांमध्ये टीबी असूनही हा रिपोर्ट वारंवार येतो, आणि डॉक्टरने लक्षणं व एक्स-रे पाहून उपचार सुरू केले असतील तर केवळ या कागदावर ते थांबवू नयेत. 'एनटीएम' आलं तर टीबीची औषधं आपोआप चालू करायची नाहीत. दुसऱ्या नमुन्यात तोच जंतू येतो का ते आधी पाहायचं.

आणि लागोपाठ तीन-चार महिने कल्चर निगेटिव्ह, वजन वाढलेलं, खोकला गेलेला, अशा रुग्णाचं एखादं कल्चर अचानक पॉझिटिव्ह आलं, त्यातही एलजेवर दोन-तीनच कॉलनी किंवा नळी पाचव्या आठवड्यात वाजलेली, तर लॅबला एक गोष्ट विचारावी: त्या दिवशीच्या फेरीत याच्या आधीची ट्यूब कुणाची होती आणि तिच्यात किती जंतू होते? बफरची एकच बाटली सगळ्या ट्यूबना लावताना तिचं तोंड एका ट्यूबला टेकलं की जंतू पुढच्या ट्यूबमध्ये जातो. चांगल्या लॅबमध्ये फेरीच्या शेवटी नुसत्या पाण्याची एक ट्यूब लावलेली असते. तीही पॉझिटिव्ह असेल तर उत्तर तिथेच मिळतं. नसेल तर औषधं बदलण्याआधी त्याच आठवड्यात दोन ताजे नमुने पाठवावेत, आणि फॉर्मवर आधीच्या सगळ्या कल्चरच्या तारखा लिहाव्यात.